देहाची निगा व दिवसाची मालकी

घारापुरीच्या मुख्य लेण्यात उत्तरेकडून प्रवेश केला म्हणजे द्वाराच्या दोन बाजूंस शिवाची दोन शिल्पे दृष्टीस पडतात. एका बाजूस नटराज, दुसऱ्या बाजूस योगीश्वर. प्रवाशांची रीत अशी की, ह्या दोहोंवरून ओझरती नजर फिरवून लगबगीने आत महेशमूर्तीकडे जावयाचे. आम्हीही पूर्वी तसेच करीत आलो. गेल्या खेपेस मात्र योगीश्वरापाशी अंमळ अधिक वेळ रेंगाळलो. मूर्तीचे हात भंगलेले आहेत, कालाने व माणसांनी तिची पुष्कळ हानी केली आहे; तथापि कमळावरील ती बैठक सुमारे चौदाशे वर्षे ढळलेली नाही. लेणे पाहून बाहेर आलो व बेटाच्या पूर्वेकडील अंगास जाऊन पाहिले, तो खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या उत्तुंग याऱ्या, ज्यांना आता सर्वजण क्रेन म्हणतात, अव्याहत वरखाली होत होत्या. त्यांना रात्र नाही, सण नाही, वार नाही. एकाच खाडीच्या दोन तीरांवरील ही दोन दृश्ये पाहून जो विचार मनात घोळू लागला, तो वाचकांपुढे ठेवण्याचे येथे योजिले आहे.

हल्ली 'सेल्फ-केअर' हा शब्द सुशिक्षित घरांतून फार ऐकू येतो. सुगंधी तेले, मेणबत्त्या, डोंगरावरील विश्रामगृहे आणि श्वास मोजणारी मनगटी घड्याळे ह्यांच्या जाहिरातींत तो इतका मिसळून गेला आहे की, ही एखादी नवी व परकी चैन असावी असा भास व्हावा. वस्तुतः ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. 'स्वस्थ' हा आपला रोजचा शब्दच पाहावा. जो स्वतःच्या ठायी स्थित आहे तो स्वस्थ. मराठीत मात्र ह्या शब्दाची गंमत अशी झाली आहे की, निरोगी असणे आणि काही न करता बसणे ह्या दोन्ही अर्थी आपण तो वापरतो. 'स्वस्थ बस' असे मुलास दटावणाऱ्या आईच्या मनी आरोग्यशास्त्र नसते. तरी पण ह्या दोन अर्थांचे सख्य भाषेने अकारण जुळविले असेल असे आम्हांस वाटत नाही.

सातव्या शतकाच्या सुमारास वाग्भटाने आपल्या अष्टांगहृदयात दिनचर्येस एक स्वतंत्र अध्याय दिला. पहाटे उठणे, दात घासणे, अंजन, अभ्यंग, व्यायाम, स्नान असा क्रम तेथे लावलेला आहे. त्यातील दोन गोष्टी आमच्या मते विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की, बलवान मनुष्यानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे तो सांगतो. उरलेली अर्धी शक्ती देहापाशी शिल्लक राहिली पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, दिनचर्येच्या त्याच अध्यायात ज्यांना उपजीविकेचे साधन नाही त्यांस, रोग्यांस व शोकाकुलांस यथाशक्ति साहाय्य करावे असेही सांगितले आहे. म्हणजे स्वतःच्या देहाची निगा आणि दुसऱ्याची विचारपूस हे दोन विषय त्या वैद्याने वेगळे मानले नाहीत. पुढे चौथ्या अध्यायात, ज्यांचे वेग कधीही अडवू नयेत अशा तेरा गोष्टी तो मोजतो. त्यांत मलमूत्र तर आहेतच; परंतु भूक, तहान, झोप, श्रमाने लागलेली धाप, जांभई आणि अश्रू हेही आहेत. भूक लागली असता खावे, झोप आली असता झोपावे, धाप लागली असता थांबावे, रडू आले असता रडून घ्यावे! किती साधा उपदेश. पण तो पाळण्याची मोकळीक गावातील किती जणांस असते, हा प्रश्न ग्रंथात नाही. तो इतिहासात शोधावा लागतो.

आपल्या प्रांतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शरीरसंवर्धनाची जी मोठी लाट आली, तीही हा प्रश्न बहुधा टाळूनच गेली. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनी सूर्यनमस्कारांचा केवढा हिरिरीने पुरस्कार केला हे जुन्या कुटुंबांतून अद्याप सांगितले जाते. स्वतः ते नित्य नमस्कार घालीत, संस्थानच्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले, आणि 1938 साली लंडनमध्ये त्यांचे ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तकही निघाले. 1924 साली लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. ही कामे मोलाची होती ह्यात संशय नाही. पांढरपेशा वर्गाच्या वाकलेल्या पाठीस त्यांनी ताठ केले. परंतु त्या सर्व उपदेशाची मांडणी अशी होती की, मनुष्याने मनाचा निग्रह करावा म्हणजे झाले. पहाटेचा अर्धा तास ज्याचा त्याच्या हाती आहे, हे त्यात गृहीतच होते.

आता न्हावा-शेव्याकडे वळू. बंदर होण्यापूर्वी ही दोन नावे खाडीकाठच्या गावांची होती. ह्या टापूत आगरी मिठागरे व खारजमिनीतील भातशेती पिकवीत आणि कोळी खाडीत व समुद्रात मासे मारीत. ह्या लोकांच्या घरी दिनचर्येची पोथी नव्हती. परंतु त्यांच्या दिवसाला एक धनी होता, आणि तो म्हणजे समुद्र. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून खाडीवर पोट असलेल्या माणसाचा दिवस आज पहाटे दोनला, तर चार दिवसांनी पाचाच्या पुढे सुरू व्हावयाचा. हे जीवन सुखाचे होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गुडघाभर चिखलात उभे राहून जाळे ओढणे, अथवा चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिठाच्या वाफ्यांत अनवाणी राबणे, ह्याला आरोग्यदायक म्हणण्याचे धाडस ज्याने ते केले नाही तोच करील. परंतु ह्या कष्टाच्या पोटात विश्रांतीची योजना होती, आणि ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती.

डोलीचेच पाहा. उरण-करंज्याच्या किनाऱ्यावर कोळी लोक जे डोल जाळे लावतात ते नळकांड्यासारखे असते. त्याचे तोंड प्रवाहाकडे करून ते खुंटांस बांधावयाचे व ओढीने येणारी बोंबील-कोलंबी त्यात शिरू द्यावयाची. जाळे जागच्या जागी असते, राबते ते पाणी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, ओढ जोराची असते, तेव्हा होड्या जातात. अष्टमीच्या आसपास भांग येतो, पाण्याची ओढ मंदावते, डोलीस मासळी लागत नाही. तेव्हा होड्या बंदरात येतात. जाळी वाळवावी, फाटले-तुटले विणून घ्यावे, अंगास तेल लावावे, पाहुण्यास जावे, लग्ने ठरवावी. म्हणजे दर पंधरवड्यास काही दिवस हातपाय सैल सोडण्याची सोय चंद्राने करून ठेवली होती. वर्षाकाठी पावसाळा ही त्याहून मोठी सुट्टी. दर्या खवळला की नाव ओढून ठेवावयाची, ती नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्यावर पुन्हा पाण्यात लोटावयाची. त्याच पावसाळ्यात मिठागरे पाण्याखाली जात व आगऱ्यांचे हात भाताकडे वळत. काम बदलणे हाही देहास एक विसावाच असतो.

पांढरपेशा डोळ्यांस ह्या रिकाम्या दिवसांचा अर्थ फारसा उमगला नाही. होड्या धक्क्याला लागलेल्या आणि पुरुष पडवीत पहुडलेले पाहून 'हे लोक आळशी' असा शेरा मारणारे शहरी पाहुणे आम्ही आमच्या लहानपणी ऐकले आहेत. ज्या गृहस्थांनी हा शेरा मारला, ते स्वतः रविवारी दुपारी वामकुक्षी घेत, आणि ती त्यांस मिळवून देण्यासाठी कोणी खटपट केली होती हे त्यांच्या गावीही नव्हते.

ती हकीकत खाडीच्या दुसऱ्या तीरावरची आहे. आज शिवडीहून न्हावा-शेव्यास जो 21.8 किलोमीटरांचा सेतु जातो, तो 12 जानेवारी 2024 रोजी खुला झाला. त्याचे मुंबईकडील टोक ज्या भागात आहे, तेथे एका काळी कापसाच्या वखारी व पलीकडे परळ-लालबागच्या गिरण्या होत्या. त्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम चाले ते सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत; उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम अधिक. ठरलेला साप्ताहिक सुट्टीचा दिवस नव्हता. कोकणातून व घाटावरून आलेल्या ज्या माणसांस हंगामाची व भरती-ओहोटीची सवय, त्यांस प्रथमच असा धनी भेटला की ज्याला भांग ठाऊक नव्हता.

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी ह्या स्थितीस वाचा फोडली. ठाण्यास 1848 साली जन्मलेले, जोतीराव फुल्यांचे अनुयायी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक असे हे गृहस्थ. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळ भागात गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्या अर्जातील मागण्या वाचल्या म्हणजे मन थबकते. दर रविवारी पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे. दुपारचा अर्धा तास! वाग्भटाने भूक, तहान व धाप अडवू नये म्हणून सांगितले त्याला बारा शतके लोटल्यावर, त्या तीन वेगांसाठी अर्धा तास मिळावा म्हणून मुंबईच्या माणसांस अर्ज करावा लागला.

मागणी लागलीच मान्य झाली नाही. पुढे सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि विशेष हे की, त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. रविवार हा खंडोबाचा वार, हे कारणही त्या प्रसंगी पुढे केले गेले असे सांगतात. आणि सहा दिवस संसारासाठी राबल्यावर एक दिवस समाजासाठी असावा, हा लोखंड्यांचा विचार प्रसिद्धच आहे. ही सुट्टी त्यांस केवळ निजण्यासाठी नको होती. स्वतः लोखंडे 1897 च्या फेब्रुवारीत, प्लेगाच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करीत असता, त्याच रोगाने गेले. विश्रांतीचा हक्क मागणाऱ्या ह्या पुरुषाच्या वाट्यास ती फारशी आली नाही.

पुढील इतिहास थोडक्यात असा. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले व दिवस सूर्यापासून सुटला. काम तेरा-चौदा तासांपर्यंत लांबू लागले. म्हणून 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचे तास बारावर, 1922 मध्ये अकरावर, 1934 मध्ये दहावर आणले गेले, आणि 1948 च्या कायद्याने आठवड्यास 48 तासांची मर्यादा घातली. मधल्या काळात, 1911 साली, ना. म. जोशी ह्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारवस्तीत वाचनालये व रात्रीच्या शाळा चालविल्या. 1928 साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात प्रसूतिकालीन रजेच्या विधेयकास डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला व 1929 साली तो कायदा झाला. तोपर्यंत बाळंतिणीची निगा ही घरातील वडीलधाऱ्या बायकांची बाब समजली जाई. शेक, तेल, डिंकाचे लाडू हे सर्व आपल्यास ठाऊकच आहे. परंतु जिला चौथ्या दिवशी साच्यापुढे उभे राहावयाचे तिला शेकशेगडीचा काय उपयोग?

येथवर वाचून कोणास असे वाटेल की, पलीकडचा तीर हळूहळू सुधारत गेला व त्याचा लाभ अलीकडच्या तीरासही आपोआप पोचला असेल. घडले ते निराळे. 1970 पासून नवी मुंबईसाठी ठाणे व रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादन करण्याचे काम सुरू झाले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, आणि 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जासई व नवघर येथे गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व निघाले. बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. शेवा कोळीवाडा उठवून उरणजवळ नव्या जागी वसविण्यात आला. तेथे जमिनीतून वाळवी निघाली व तिने घरांचे लाकूडसामान पोखरले. ज्याच्या डोक्यावरचे आढे वाळवी खात आहे त्याने शांत झोपावे कसे, हे कोणत्याही दिनचर्येच्या पुस्तकात लिहिलेले आम्हांस आढळले नाही. पुन्हा योग्य जागी पुनर्वसन व्हावे म्हणून त्या वस्तीस वर्षानुवर्षे मागणी करीत राहावे लागले.

जमिनीबद्दल पैसे मिळाले, भूखंड मिळाले, काहींस बंदरात नोकऱ्याही मिळाल्या. आणि त्यामुळे पुष्कळ घरांत शिक्षण व औषधपाणी आले, हे न सांगणे अन्यायाचे होईल. मिठागरात जन्म काढलेल्या बापाची मुलगी डॉक्टर होते ह्यात आनंदच आहे. परंतु मोबदल्याच्या हिशेबात एक रकाना कोठेच नव्हता. जमीन मोजली गेली, झाडे मोजली गेली. भांगाचे दिवस कोणी मोजले नाहीत. खाडी गेली तेव्हा तिच्याबरोबर पंधरवड्याची ती ठरलेली उसंतही गेली, आणि तिच्या जागी पाळी आली: सकाळची, दुपारची, रात्रीची.

2024-25 ह्या वर्षात ह्या बंदरातून 70 लाखांहून अधिक कंटेनरांची, म्हणजे वीस फुटी मापाने मोजलेल्या तेवढ्या पेट्यांची, उलाढाल झाली. त्यातील फार मोठा भाग रस्त्याने येतो व जातो. उरणकडे जाणाऱ्या वाटेवर ट्रेलरांची रांग ज्याने पाहिली असेल, त्याने चाकामागच्या माणसाचाही कधी विचार केला असेल काय? मोटार-वाहतुकीतील कामगारांस दिवसास आठ तासांची मर्यादा 1961 च्या कायद्याने घातली होती. रांगेस कायदा ठाऊक नसतो. पुढची गाडी केव्हा हलेल ह्याचा नेम नाही म्हणून निजता येत नाही, जागा सोडता येत नाही म्हणून लघवीस जाता येत नाही, आणि त्याच कारणाने पाणी कमी प्यावयाचे. वाग्भटाच्या यादीतील किती वेग येथे अडविले जातात हे वाचकांनीच मोजावे.

आधुनिक शास्त्रानेही हाच हिशेब आता निराळ्या पद्धतीने मांडला आहे. देहातील पेशींत एक घड्याळ असते व ते प्रकाशाबरोबर चालते, ह्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीचे काम कर्करोगास बहुधा कारण होते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2007 साली ठरविले व 2019 साली पुन्हा तेच सांगितले. 1948 पासून काम करीत असलेल्या ह्या जागतिक संघटनेने व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 2021 साली मिळून असा निष्कर्ष काढला की, आठवड्यास 55 तास वा अधिक काम करणाऱ्यास, 35 ते 40 तास काम करणाऱ्याच्या मानाने, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी अधिक असतो. म्हणजे उसंत ही चैनीची बाब आहे असे म्हणण्याची सोय आता वैद्यकाने ठेवलेली नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, मग व्यक्तीने करावयाचे काहीच उरत नाही काय? उरते, व पुष्कळ उरते. ज्याला अर्धा तास मिळतो त्याने तो पडद्यापुढे घालवू नये. पंतांचे नमस्कार घालावे, तेल लावावे, वेळेवर जेवावे, वेळेवर निजावे. हे न करणाऱ्याचे आम्ही समर्थन करीत नाही. किंबहुना स्वतः आम्हीच त्या अपराध्यांत मोडतो. परंतु स्वतःच्या घरात एवढे जरूर पाहावे की, आपला अर्धा तास कोणाच्या अर्ध्या तासातून कापून आलेला नाही ना. लोखंड्यांनी मिळवून दिलेला रविवार गिरणीतील बाईसही मिळाला; पण त्या दिवशी तिने घरी जे रांधले, धुतले, शेणाने सारविले त्याची सुट्टी कोणी दिली? भांगाच्या दिवसांतही होडी धक्क्याला लागे ती पुरुषाची. कोळीण त्या दिवशी सुकी मासळी घेऊन बाजारास जाई. आमच्या पांढरपेशा घरांतील चित्र फार निराळे आहे असे नाही. दिवाळीच्या पहाटे घरातील सर्वांस तेल चोळून न्हाऊ घालणारी बाई स्वतः मात्र अखेरीस, पाणी निवाल्यावर, कसेबसे दोन तांबे अंगावर ओतून घेते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

घारापुरीहून परतल्यावर काही दिवसांनी आम्हांस उरणास जावयाचे होते. नव्या सेतूवरून मोटार वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे पोचते. परंतु दुचाकी व रिक्षा ह्यांस तेथे मज्जाव आहे. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्यास जाणारी लाँच धरण्याचे ठरविले. मोऱ्याच्या बंदरात गाळ साचल्यामुळे ऐन ओहोटीत लाँच लागू शकत नाही व फेऱ्या थांबवाव्या लागतात. त्या दिवशीही तसेच झाले. तक्रार करणारे करीत होते. आमच्या शेजारी एक वयस्क कोळीण बसली होती. मासळी विकून झाली होती, टोपली रिकामी होती. तिने आम्हांस विचारले, "दादा, पानी कवा भरल?" आम्ही फलकावर पाहून सांगितले की, अजून तास-सव्वा तास आहे. तिने टोपली उशाशी घेतली, लुगड्याचा पदर तोंडावर ओढला आणि ती तेथेच बाकावर निजली.